'आणखी वावर जोडा' आणि हरवणारे फोटो

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी एका भाऊंनी सभासद नोंदणीचा फॉर्म बनवला. एका कास्तकाराची दोन-चार वावरं असतात, म्हणून दर वावराला एक ब्लॉक: गट नंबर, पीक, क्षेत्र, वावराचे काही फोटो आणि सातबाऱ्याची पीडीएफ. खाली 'आणखी वावर जोडा' असं बटण. मागे सर्व्हरवर पीएचपी, पुढे ब्राउझरमध्ये जेक्वेरी, होस्टिंग स्वस्तातलं शेअर्ड, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट. एकच वावर असलं की सगळं सुरळीत. दुसरं जोडलं की चार तक्रारी सुरू होतात. दुसऱ्या वावराचे फोटो पहिल्याला चिकटतात. मधलं वावर काढलं की पुढचे फोटो सरकतात. कॅमेऱ्याने तीन फोटो काढले तरी एकच पोचतो. आणि कधी कधी अख्खा फॉर्म रिकामा येतो, कास्तकाराचं नावसुद्धा नाही.

भाऊ, या चार तक्रारींची कारणं चार वेगवेगळी आहेत. तुम्ही एकाच जागी दोष शोधत बसलात म्हणून आठवडा गेला. मी वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बगीच्यांसाठी असेच फॉर्म केले आहेत आणि यातली एकही चूक अशी नाही जी मी स्वतः केली नाही.

पहिली तक्रार तुम्हाला सर्वांत गूढ वाटते, पण ती सर्वांत सोपी आहे. फाइल निवडायचं मूळ बटण दिसायला ओबडधोबड असते, म्हणून तुम्ही ते लपवलं आणि लेबलला रंग देऊन 'फोटो जोडा' असं छान बटण केलं. लेबल कोणत्या इनपुटचं (फाइल घेणाऱ्या रकान्याचं) ते सांगणाऱ्या 'फॉर'मध्ये त्या इनपुटचा आयडी, म्हणजे पानावरची त्याची ओळख, लिहिला. मग जेक्वेरीच्या क्लोनने ब्लॉकची नक्कल मारली. नकलेत आयडीही तोच आला. आता पानावर एकाच आयडीचे दोन इनपुट आहेत, आणि लेबल दाबलं की ब्राउझर त्या आयडीचा जो पहिला सापडेल तोच उघडतो. म्हणजे कास्तकाराने दुसऱ्या वावराचं बटण दाबलं तरी फोटो पहिल्याच वावरात पडले, आणि तिथे आधी असलेले पुसले गेले. सर्व्हरचा यात काहीच दोष नाही. इनपुट लेबलच्या पोटातच ठेवा आणि आयडी काढूनच टाका. आत असलेल्या इनपुटला 'फॉर' लागत नाही. नक्कलही भरलेल्या ब्लॉकची मारू नका. टेम्पलेट टॅगमध्ये एक कोरा ब्लॉक ठेवा आणि दरवेळी त्याची प्रत काढा.

दुसरी तक्रार ओळखीची आहे, आणि इथे जरा थांबून समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. तुमच्या फॉर्ममध्ये गट नंबराच्या रकान्याचं नाव 'गट[]' आणि फोटोंचं 'फोटो[]' असं आहे. (इथे समजायला देवनागरीत लिहितो, कोडमध्ये रोमन अक्षरंच ठेवा.) तीन वावरं असली तर सर्व्हरवर तीन गट नंबर येतात आणि सात फोटोंची एक रांग येते. सातपैकी पहिले दोन कोणाचे, पुढचे चार कोणाचे, हे त्या रांगेत कुठेच लिहिलेलं नसते. फॉर्म पाठवण्याचा जो मानक नियम आहे, २०१५ सालचा आरएफसी ७५७८, तो एवढंच सांगतो की एका रकान्यात अनेक फाइली असतील तर प्रत्येक फाइल वेगळा तुकडा म्हणून त्याच नावाने पाठवा. कोणती फाइल कोणत्या ब्लॉकची, हे सांगायची जागा एकच: ते नाव.

मग तुम्ही क्रमांक घातले: वावर ०, वावर १, वावर २. बरोबर दिशेने गेलात, पण क्रमांक म्हणजे ओळख नव्हे. मधलं वावर काढलं की तुमचा कोड पुन्हा मोजतो आणि दोनचा एक होतो. गट नंबर का ठेवला आहे? 'धुऱ्यापासून तिसरा तुकडा' अशी नोंद केली असती तर शेजाऱ्याने मधला तुकडा विकल्याबरोबर सगळे सातबारे चुकले असते. म्हणून ब्लॉक जन्माला आला की त्याला एक खूण द्या, ती मरेपर्यंत बदलायची नाही आणि तो गेल्यावर दुसऱ्याला द्यायची नाही. फक्त वाढत जाणारा मोजक पुरेसा आहे: व१, व२, व३, व२ काढला तर पुढचा व४, व२ पुन्हा नाही. नाव मग असं होईल: वावर[व४][फोटो][]. शेवटचा रिकामा कंस अनेक फोटोंसाठी. पडद्यावर 'वावर क्रमांक २' असं दाखवायचं असेल तर खुशाल मोजून दाखवा, पण तो आकडा फक्त डोळ्यांसाठी.

गट नंबरच खूण म्हणून वापरला तर? मी वापरला होता. एकाच गटात अर्ध्यात पराटी (कापूस) आणि अर्ध्यात सोयाबीन असलेला कास्तकार आला, त्याने दोन ब्लॉक भरले, आणि दुसऱ्याने पहिल्याला खाऊन टाकलं. शिवाय टाइप करताना गट नंबर बदलतो. खूण बदलून चालत नाही.

मोजकाऐवजी रँडम यूयूआयडी (सहसा पुन्हा न येणारी लांबलचक खूण) घ्यायचा विचार असेल तर एक खड्डा सांगून ठेवतो. ब्राउझरचं ते फंक्शन फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर असते. लॅपटॉपवर चालते, आणि त्याच लॅपटॉपच्या वायफायवरच्या आयपी पत्त्यावर फोनमधून उघडून पाहिलं की 'असं फंक्शन नाही' म्हणते. माझी अर्धी रात्र यात गेली आहे.

पीएचपीच्या बाजूला एक विचित्र प्रकार दिसेल. तुम्हाला वाटेल की फाइल्सच्या ॲरेत (यादीत) आधी वावर, मग व४, मग फोटो, मग त्या फोटोचं नाव, आकार, तात्पुरता पत्ता असं सगळं एकत्र मिळेल. तसं नसते. तिथे रचना उलटी असते: वावर, मग 'नेम', मग व४, फोटो, ०. तात्पुरत्या पत्त्यासाठी पुन्हा मुळापासून: वावर, 'टीएमपी-नेम', व४, फोटो, ०. एक छोटं फंक्शन लिहून हे सरळ करून घ्या आणि मग विसरा. काहीच न निवडलेल्या इनपुटचाही एक रिकामा तुकडा येतो, त्याचा एरर कोड ४ असतो. तो चूक म्हणून दाखवू नका, सोडून द्या.

चौथी तक्रार आधी घेतो, कारण ती आकड्यांची आहे. फोनचा एक फोटो साधारण तीन-चार एमबी. तीन वावरं, चार-चार फोटो: चाळीस एमबीच्या आसपास. पीएचपीची मुळातली मर्यादा अख्ख्या फॉर्मला ८ एमबी, एका फाइलला २ एमबी आणि एका वेळी २० फाइली. अख्ख्या फॉर्मची मर्यादा ओलांडली की पीएचपी अर्धवट काही देत नाही. पोस्ट (भरलेला मजकूर) आणि फाइल्स हे दोन्ही ॲरे कोरे करून तुमच्या हातात ठेवते. तुमचा कोड मग 'नाव भरा' असा संदेश दाखवतो, आणि ज्याने दहा मिनिटं बसून नाव, गाव, गट सगळं भरलं तो कास्तकार तुमच्याकडे पाहतो. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच पाहा: विनंती पोस्टची आहे, कंटेंट-लेंग्थ (पाठवलेल्या मजकुराचा आकार) शून्याहून जास्त आहे, आणि तरी दोन्ही ॲरे रिकामे आहेत? मग 'फोटो फार मोठे आहेत' असं स्पष्ट सांगा. वीसच्या मर्यादेचा त्रास तर आणखी वाईट, कारण एकविसावी फाइल गुपचूप गळते, फॉर्म मात्र यशस्वी दिसतो.

या मर्यादा स्क्रिप्टच्या आतून इनि-सेट या पीएचपीच्या फंक्शनने वाढत नाहीत, कारण तुमची पहिली ओळ चालायच्या आधीच फॉर्म वाचून झालेला असतो. होस्टिंगच्या पॅनेलमधून किंवा यूजर-इनि फाइलमधून वाढवा. पुढे कधी स्वतःचा सर्व्हर घेऊन समोर एनजिनएक्स (विनंत्या आधी घेणारा वेब सर्व्हर) ठेवलात, तर त्याची मर्यादा मुळात १ एमबी असते आणि तो ४१३ म्हणून दारातूनच परत पाठवतो. पीएचपीच्या लॉगमध्ये मग काहीच सापडत नाही, कारण तिथवर काही पोचलेलंच नसते.

पण मर्यादा वाढवून मूळ दुखणं जात नाही. चाळीस एमबी एका दमात पाठवायचे म्हणजे राळेगावच्या पलीकडे एखाद्या वावरात उभं राहून, एका काडीच्या नेटवर, पंधरा-वीस मिनिटं फोन हलवायचा नाही. अडतिसाव्या एमबीला टॉवर गेला की पुन्हा पहिल्यापासून. मी हे कितीही वेळा 'मर्यादा वाढवा'वर भागवलं, शेवटी पद्धतच बदलावी लागली.

बाजार समितीत काय होते ते आठवा. गाडी आधी काट्यावर जाते, वजन होते, हातात काटापट्टी मिळते. हिशेबाच्या टेबलावर कोणी कापूस घेऊन जात नाही, पट्टी घेऊन जाते. फोटोंचंही तसंच करा. कास्तकाराने फोटो निवडला की तो तेव्हाच, एकटा, सर्व्हरकडे पाठवा. सर्व्हर तो तात्पुरत्या फोल्डरात ठेवतो आणि एक पावती क्रमांक परत देतो. शेवटी 'सादर करा' दाबलं तेव्हा फॉर्मसोबत फोटो जातच नाहीत. व४ या वावराच्या या तीन पावत्या, व५ च्या या दोन, एवढाच काही केबीचा मजकूर जातो. तुमच्या बहुतेक तक्रारींची मुळं यात सैल होतात. एका विनंतीत एकच फाइल, म्हणून ८ एमबी आणि वीस फाइलींचा प्रश्न उरत नाही. पावतीवर ब्लॉकची खूण असते, म्हणून मिसळ होत नाही.

आणखी एक जुनी डोकेदुखी यात जाते. मोबाइल नंबर चुकला म्हणून फॉर्म परत आला की मजकूर पुन्हा भरून देता येतो, पण फाइलचं इनपुट कोरंच येते. ब्राउझर ते कोडला भरू देत नाही, आणि योग्यच आहे. नाहीतर कोणतीही वेबसाइट तुमच्या फोनमधली फाइल परस्पर उचलून नेईल. पावत्या असल्या की तुम्ही परतलेल्या फॉर्ममध्ये फोटोंची छोटी चित्रं सर्व्हरवरूनच दाखवू शकता.

आता तिसरी तक्रार, कॅमेऱ्याची. अनेक फाइली घेता याव्यात म्हणून इनपुटला 'मल्टिपल' लावलं आहे, 'कॅप्चर'ही लावलं आहे. फोनवर कॅप्चरमुळे थेट कॅमेरा उघडतो, आणि कॅमेरा एका वेळी एकच फोटो देतो. कास्तकार दुसरा फोटो काढतो तेव्हा इनपुटमधली यादी वाढत नाही, बदलते. पहिला गेला, दुसरा आला. मग तिसरा आला. सादर करताना फक्त शेवटचा असतो. गॅलरीतून एकदम चार निवडले तर चारही येतात, म्हणून तुमच्या टेबलावर चाचणी पास झाली. बगीच्यात उभा असलेला माणूस गॅलरीतून निवडत नाही, फोटो काढतो.

उपाय: इनपुटला फक्त दार समजा, कोठार नाही. चेंज इव्हेंट (फाइल निवडल्याची सूचना) आला की त्यातल्या फाइलींची आधी ॲरेत प्रत घ्या, ती त्या ब्लॉकच्या तुमच्या स्वतःच्या यादीत टाका, आणि मग इनपुटची व्हॅल्यू रिकामी करा. क्रम उलटा करू नका. रिकामी का करायची? कारण तोच फोटो काढून टाकून पुन्हा निवडला तर चेंज येतच नाही. ब्राउझरला वाटते काही बदललंच नाही. आणि 'कॅमेरा' व 'गॅलरी' अशी दोन वेगळी बटणं द्या. दोन्हीचा माल एकाच यादीत पडू द्या.

स्वस्त फोनवर याहून मोठा घोळ होतो. कॅमेरा उघडला की मेमरी कमी पडते आणि अँड्रॉइड मागचं ब्राउझरचं पान मारून टाकते. फोटो काढून माणूस परत येतो तो कोऱ्या फॉर्मवर. तुमच्या लॅपटॉपवर हे जन्मात दिसणार नाही. म्हणून कॅमेऱ्याचं बटण दाबल्याबरोबर, कॅमेरा उघडायच्या आधी, सगळ्या ब्लॉकचा मजकूर, त्यांच्या खुणा, मोजक आणि मिळालेल्या पावत्या लोकलस्टोरेजमध्ये लिहून ठेवा. पान पुन्हा उघडलं की तिथून उभं करा. न पोचलेले फोटो मात्र लोकलस्टोरेजमध्ये कोंबू नका. तिथे फक्त मजकूर राहतो आणि जागा पाचेक एमबीच. फोटोंसाठी इंडेक्स्ड-डीबी (ब्राउझरमधलंच मोठं कोठार), तिथे फाइल जशीच्या तशी ठेवता येते.

पाठवायच्या आधी फोटो लहान करा. कॅनव्हासवर (ब्राउझरमधल्या चित्र रेखाटायच्या फळ्यावर) लांब बाजू १६०० पिक्सेल, जेपेग, दर्जा ०.७ ठेवला तर चार एमबीचा फोटो बहुधा काही शे केबीवर येतो आणि पानावरची कीड तरी ओळखू येते. एका वेळी एकच फोटो कॅनव्हासवर घ्या, नाहीतर पुन्हा मेमरीचं तेच रडगाणं. सातबाऱ्याच्या पीडीएफला हात लावू नका, ती आहे तशी पाठवा.

पण लहान करताना एक गोष्ट गळते आणि ती पीकनोंदीत महाग पडते. कॅनव्हासमधून निघालेल्या फोटोत एक्झिफ नसतो, म्हणजे अक्षांश-रेखांश आणि फोटो काढल्याची वेळ गेली. कंपनीला ठिकाण हवं असेल तर लहान करायच्या आधी मूळ फाइलमधून वाचून पावतीसोबत पाठवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेल्या चित्रात ते आधीच पुसलेलं असते, तिथे शोधून काही सापडणार नाही. 'मग ब्राउझरचं जिओलोकेशन घेतो' असं म्हणाल. ते फोन आत्ता कुठे आहे हे सांगते, फोटो कुठे काढला ते नाही. आमच्याकडे एका पोराने गावातल्या तेवीस कास्तकारांचे फॉर्म तालुक्याच्या चौकात चहाच्या टपरीवर बसून भरले होते. नकाशावर तेवीस बगीचे टपरीत उगवले. दोन्ही ठिकाणं ठेवायची तर दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा.

पाठवण्याची रांग लावा, एका वेळी दोन फाइली पुरे. टक्केवारी दाखवायची असेल तर जुनं एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट वापरा, त्याच्या जागी आलेल्या नव्या फेचमध्ये वर जाणाऱ्या फाइलची प्रगती मिळत नाही. फॉर्मडेटा पाठवताना कंटेंट-टाइप हेडर हाताने लिहू नका; त्यात तुकडे वेगळे करणारी जी सीमाखूण असते ती ब्राउझरच घालतो, तुम्ही लिहिलं की ती राहून जाते आणि सर्व्हरला काहीच उलगडत नाही. ही चूक मी दर वर्षी एकदा तरी कोणाच्या तरी कोडमध्ये पाहतो.

आणि प्रत्येक फोटोलाही ब्लॉकसारखी स्वतःची खूण द्या, फोनवरच. कारण आपल्याकडच्या नेटवर हमखास होणारा प्रकार असा: फोटो सर्व्हरवर पोचतो, पावती परत येताना रेंज जाते. फोनला वाटते पोचला नाही, तो पुन्हा पाठवतो, आणि एकाच झाडाचे तीन फोटो जमा होतात. खूण आधीच असेल तर सर्व्हरने नवीन फाइल न घेता जुनीच पावती परत द्यायची.

सर्व्हरवरची पथ्यं तुम्हाला माहीत असतील, तरी भरभर सांगतो. फाइलचं मूळ नाव साठवणीसाठी वापरू नका. आयफोनच्या कॅमेऱ्यातून आलेला प्रत्येक फोटो 'इमेज डॉट जेपीजी' नावाचाच असतो, एकमेकांवर बसतील. प्रकार एक्स्टेन्शनवरून नाही, पीएचपीच्या फाइन्फोने आतला मजकूर पाहून ठरवा. फोल्डर वेबच्या बाहेर ठेवा, सातबारे कोणालाही लिंकवरून उघडता येऊ नयेत. सादर करताना प्रत्येक पावती त्याच माणसाच्या त्याच अर्जाची आहे का ते तपासा, नाहीतर पावती क्रमांक बदलून दुसऱ्याचा सातबारा आपल्या अर्जाला जोडता येईल.

ब्लॉक काढला तर त्याचे फोटो लगेच सर्व्हरवरून पुसू नका. बोट चुकून लागते, 'परत आणा' द्यावं लागते. सादर करताना ज्या पावत्या आल्या नाहीत त्या बेवारस, त्यांना रात्री आपोआप चालणाऱ्या क्रॉनने साफ करा. मी आधी चोवीस तासांची मुदत ठेवली होती. एका बाईंनी संध्याकाळी फॉर्म अर्धा भरला, लाईन गेली, दुसऱ्या दिवशी निंदणाला माणसं आली, तिसऱ्या दिवशी फॉर्म उघडला तर फोटो गायब. तेव्हापासून सात दिवस.

हे सगळं रिॲक्टमध्ये करणाऱ्यांसाठी एकच ओळ: यादीतल्या ब्लॉकला 'की' (ओळख) म्हणून इंडेक्स (क्रमांक) देऊ नका, वरची खूणच द्या, फाइलचं इनपुट रिॲक्टच्या ताब्यात नसते, इंडेक्स दिला की मधला ब्लॉक काढल्यावर चुकीच्या ब्लॉकचं इनपुट नाहीसं होते.

तुम्ही विचारलं होतं की आधी काय करू. आज संध्याकाळी आयडी काढून इनपुट लेबलच्या पोटात घाला, नावात खुणा घाला, आणि रिकाम्या पोस्टची तपासणी लावा; तासा-दोन तासांचं काम आहे आणि चुकीच्या वावराला फोटो चिकटणं तरी लगेच थांबेल. कॅमेऱ्याची यादी आणि पावत्यांची पद्धत एकत्रच करा, त्याला तीन-चार दिवस लागतील. मग फोन घेऊन एखाद्या वावरात जा, दोन ब्लॉक भरा, मधेच फ्लाइट मोड लावा, काढा, एक ब्लॉक पुसा आणि सादर करा. हे सोयाबीनच्या सोंगणीआधी उरका. एकदा सोंगणी लागली की फॉर्मकडे कोणी फिरकणार नाही, आणि तुम्हाला वाटेल सगळं दुरुस्त झालं.